जळालेल्या माणसाने चढायचं कसं

आमच्या दिंडोशीच्या बिल्डिंगमध्ये आगीची रंगीत तालीम झाली ना, तेव्हाची गंमत ऐका. जिन्याच्या दारावर इंग्रजी पाटी लागली. मला कुठलं वाचता येतंय? नातीला विचारलं. सई म्हणाली, "आजोबा, 'फायर एस्केप' लिहिलंय. एस्केप म्हणजे सुटका. कैदी तुरुंगातून करतो तो एस्केप, कॉम्प्युटरवर बटण असतं तेही एस्केप, आणि बाबा सुट्टीत मनोरीला पळतात तोसुद्धा एस्केपच."

तालीम घ्यायला आलेल्या साहेबांनी बजावलं, "लिफ्ट बंद. शिट्टी वाजेपर्यंत जो खाली येणार नाही, तो जळाला असं धरणार. एक जरी जळाला, तर सगळ्यांनी वर जाऊन पुन्हा उतरायचं."

आम्ही पाचव्या मजल्यावर, त्यात माझे हे गुडघे. भोंगा वाजला तसे निघालो. आमच्या हिने कुलूप दोनदा ओढून बघितलं. तिसऱ्या मजल्यावर पाटलांची सून दारात उभी.

"काका, कुठे निघालात?"

"पळतोय."

"मग चहा टाकलाय, तो घेऊन पळा ना!"

मी नको म्हणेपर्यंत ही आत जाऊन बसलीसुद्धा.

चहा पिऊन पाटलांच्या सुनेसकट आम्ही तिघं खाली पोचलो, तर शिट्टी कधीच झालेली. साहेब म्हणाले, "तुम्ही तिघं जळालात."

सेक्रेटरी सावंत ओरडले, "लागली वाट! चला, सगळे वर!"

मी हात जोडले. "साहेब, जळालेला माणूस पाच मजले चढणार कसा हो?"

साहेबांना हसू आवरेना. त्यांनी स्वतः खुर्ची आणून दिली. बिल्डिंग माझ्याकडे बघत, चरफडत जिना चढू लागली. ही पहिल्या पायरीवरून माघारी आली.

"सरका जरा," म्हणाली, "मीपण जळालेय."