आबांची खुर्ची

तुम्ही सगळे सोफ्यावर ऐसपैस बसलाय, म्हणून आठवलं राव. छप्पन-सत्तावन साल असेल. मी पिंपरीला कंपनीत नुकताच चिकटलो होतो आणि चिखलीच्या आमच्या जुन्या घराची बैठक सुधारायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं होतं. भिंतींना निळा रंग दिला, घोंगडी गुंडाळून माळ्यावर टाकली आणि सुताराकडून चार खुर्च्या करून घेतल्या.

वडिलांना, म्हणजे आबांना विचारलं, "कशी झाली?"

"झ्याक हाय," म्हणाले बिचारे, आणि जपून एका खुर्चीत बसले.

संध्याकाळी त्यांची रोजची मंडळी आली ती दारातच थबकली.

"बसा की खुर्चीवर," मी म्हणालो.

"आबांच्या बरोबरीनं? न्हाई बा!" म्हणत सगळे उघड्या जमिनीवर टेकले. मी हात जोडले, पण एकही जण हलला नाही. आबा एकटेच वर, देव्हाऱ्यात बसवल्यासारखे. गप्पा खाली रंगल्या. पानाची चंची हातोहात फिरली, तीही खालच्या खालीच.

चार दिवसांनी शिफ्ट करून घरी आलो, तर घोंगडी पुन्हा अंथरलेली. आबा सगळ्यांच्या मधोमध मांडी घालून बसलेले, आणि माझ्या चारही खुर्च्यांवर मंडळींची मुंडाशी!

मी चिडलोच. "आबा, खुर्चीला काय झालं?"

आबांनी पान एका गालात सारलं.

"खुर्ची चांगली हाय रं. पन तितवर चंची येत न्हाई."