कुंकवाचं बोट

मी कुडाळकडचा, सुतार, बाबाही सुतार, त्यांचे बाबाही, म्हणजे दुसरं काही करावं असं कुणाच्या मनातच आलं नाही. बर्मिंगहॅमला आलो ते वर्क परमिटवर, एका वर्कशॉपमध्ये. तिथे पार्कसाठी दोन लाकडी मंडप करायचे होते, एक चिनी, एक जपानी. काय सांगू तुला पोरी, मला वाटलं दोन्ही सारखेच असणार, दोन्हीत खिळा जवळजवळ नाही, सगळं सांध्यांवर. पण नाही गं. चिनी छपराचे कोपरे वर वळलेले, तुळयांवर निळा-हिरवा रंग, खांब लालभडक. जपानी छप्पर सरळ, बेताचं, आणि खांब कोरा, नुसता रंधा मारलेला. जपानी मिस्त्री तर लाकडाला शिवण्याआधी हात धुऊन यायचे.

आमच्यात पहिला खांब उभा करताना त्याला कुंकवाचं बोट लावतात. चिनी खांबाला लावलं, लालात लाल, कुणाला दिसलंच नाही. मग जपानी खांबालाही लावलं, सवयीनं, विचारच केला नाही. लंचनंतर बघतो तर मिस्त्री तिथे उभे. पुसायला गेले तर आणखी पसरलं. फोरमन म्हणाला रंधा मारा, मिस्त्री म्हणाले नको, खांब बारीक होईल, सांधा ढिला पडेल, राहू दे.

कुणी केलं, फोरमननं विचारलं. चिनी मंडपाला लाल रंग द्यायचा तो मारेक, पोलंडचा, माझ्याच बेंचवर डबा खायचा, माझ्या आमटीला फायर ब्रिगेड म्हणायचा. त्याचे हात सदा लाल. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो म्हणाला, नॉट मी, बॉस. माझा पासपोर्ट तेव्हा परमिट वाढवायला क्रॉयडनच्या व्हिसा ऑफिसात गेलेला, नोकरी गेली असती तर गावी परतच जावं लागलं असतं. मी रंध्यात अडकलेल्या ढलप्या काढत राहिलो. शुक्रवारी फोरमननं मारेकला सांगितलं, सोमवारपासून येऊ नकोस. जाताना मला म्हणाला, अंकल, त्या आमटीत पाणी घालत जा जरा. बस, एवढंच.

पुढे पासपोर्ट आला, शिक्का मारून. आनंद झाला नाही, वाईटही वाटलं नाही, कपाटात ठेवला.

अजून रविवारी पार्कात जातो. चिनी मंडपाला कौन्सिलवाले परत परत रंग देतात, नवाच दिसतो. जपानी खांब पावसापाण्यानं राखाडी झालाय. ते बोट कुठे होतं, आता सापडत नाही, हात फिरवून बघतो. मारेक असेल तिथे त्याच्या हाताला काम असो.