लाईन म्या घालवली

न्हाई न्हाई आबा, उठू नका, लाईन गेलेली न्हाई — पंखा फिरतोय की वर, बगा ना — मी आज तक्रारीवर आलेलोच न्हाई. पकड बी आणली न्हाई संगं, हे बगा, रिकामे हात. वायरमन दारात दिसला की माणसाला वाटतं, झालं, आता चार तास गेले. तुम्ही आपली शेवंती निवडत रहा, मी बसतो इथं पायरीवर. खुर्ची नको. खुर्चीवर बसून सांगायची गोष्ट न्हाई ही. पाणी? पाणी चालंल — न्हाई, थांबा, अपेक्षाला हाक मारू नका! म्हंजी मारा, तुमची लेक हाय, मी कोण न्हाई म्हणणार, पण आधी माझं होऊ द्या. लाईनीनं सांगतो. — बगा, 'लाईनीनं' म्हणलो. तोंडातनं जातच न्हाई तो शब्द. सगळं त्या एका शब्दानं झालंय आबा.

इंग्रजी शब्द, पण आमच्या घरात तो मराठीच्या आधीपास्नं हाय. आमचं आप्पा, मारुतराव, दौंडला रेल्वेत गँगमन व्हते. आईला कुणी इचारलं मालक कुठं, की आई म्हणायची, 'लाईनीला गेलेत'. मला वाटायचं लाईन म्हंजी लोखंड. मग शाळेत गेलो तर गुरुजी म्हणतात, लाईन धरा — मी आपला खाली वाकून रूळ हुडकतोय! रेशनला गेलं की लाईन, मळ्यात पाण्याची पाईपलाईन, आयटीआय केलं तर मामा म्हणतात, पोरानं चांगली लाईन पकडली. आन् कॉलेजातली पोरं ज्याला लाईन मारणं म्हणतात ती — ती राहू द्या. तिच्यावर येतोच मी. मग हितं, तुमच्या खालच्या वस्तीवर कामाला लागलो आन् कळलं, लाईन म्हंजी काय ते. लाईट गेली म्हंजी एक बल्ब गेला. लाईन गेली म्हंजी मोटर गेली, पाणी गेलं, पिठाची गिरणी गेली, मालनबाईंची मालिका गेली — जीवच गेला वस्तीचा. व्हय का न्हाई?

तर मागच्या वर्षी वाऱ्यानं सुबाभळीची फांदी तारंवर पडली, तवा अपेक्षाचा पहिला फोन आला. "वायरमन दादा, खालच्या वस्तीची लाईन गेलीय." एवढंच. पण आबा, आमाला फोन येतात ते शिव्यांनीच सुरू हुतात — झोपलाय का रं, मेलाय का रं — आन् ह्या पोरीनं वर इचारलं, "तुम्ही जेवला का?" दुपारचे तीन वाजलेले, मी खरंच जेवलो नव्हतो! कुणी इचारतं का वायरमनला? दुसऱ्या फोनला परत दादा. तिसऱ्या फोनला नुसतंच "वायरमन". चौथ्याला "नवनाथ". दादा गळाला, आबा! मी खांबावर व्हतो, पट्टा बांधलेला म्हणून वाचलो.

पण झालं काय, मी पडलो कामाचा माणूस. तुमच्या वस्तीच्या तारा ओढून घेतल्या, फांद्या छाटल्या, ट्रान्सफॉर्मरच्या डीपीला नवी वायर टाकली — आन् लाईन जायचीच थांबली! सगळ्या तालुक्यात लाईन जाती, खालच्या वस्तीची जात न्हाई. एकवीस दिवस फोन न्हाई. माझ्याच कामानं माझाच फोन बंद पाडला. आता मी काय करावं? सांगा तुम्ही. न्हाई, नका सांगू, मीच सांगतो. बाविसाव्या दिवशी मी डीपीवर गेलो, फ्यूज काढला आन् लिंबाखाली फोन हातात घिऊन बसलो.

व्हय. म्याच. मंगळवारी आन् शुक्रवारी. पाच मिनिटं, कवा दहा, गप्पा रंगल्या तर पंधरा. — हात का थांबला तुमचा? — हां, ती मोटर. दर मंगळवारी बंद पडायची आन् तुम्ही दोनदा स्टार्टर बदलून आणला — ती बी म्याच, आबा. स्टार्टर चांगला व्हता. दोन्ही चांगले व्हते. शिव्या द्या, मी बसलोय. न्हाई? मग ऐका पुढचं, त्याच्यापेक्षा वाईट हाय.

अपेक्षाची ती रांजणगावच्या कंपनीतली मुलाखत. ऑनलाईन. मला नव्हतं माहीत, आईशप्पत नव्हतं! शुक्रवार, अकरा वाजलेले, मी नेमानं फ्यूज काढला. फोन आला. मी हसतच उचलला, तर तिकडनं आवाज न्हाई, नुसतं हुंदकं. "लाईन गेली," म्हणली. "मॅडम इचारत व्हत्या आन् मी सांगत व्हते आन् लाईन गेली." बी.एस्सी. केलेली पोरगी, वरसभर अर्ज भरतीय, पहिलीच मुलाखत. आबा, माझ्या हातात फ्यूज व्हता. मला बोलता आलं असतं, वारा सुटला, कुठंतरी तार तुटली, कुणाला कळणार व्हतं? पण तोंडातनं निघालंच — लाईन म्या घालवली. का घालवली ते बी सांगितलं. तिचं हुंदकं थांबलं. मग म्हणली, "लाईन मारायची व्हती तर माझ्यावर मारायची ना. अख्ख्या वस्तीची कशाला मारली?" आन् फोन ठिवला.

मी गेलो थेट रांजणगावला. फाटकावर वॉचमन म्हणला, इंटरव्ह्यू का? लाईन में खडे रहो. राहिलो. माझा नंबर आला तर ते कागद मागतात, माझ्याकडं कागद कुठला? दुसऱ्या दिवशी परत लाईनीत. तवा एक मॅडम खाली आल्या, अपेक्षाचं नाव ऐकून म्हणल्या, त्या मुलीचं आता काही होणार न्हाई, आमची डेडलाईन गेली. मी म्हणलं मॅडम, तुमची डेडलाईन गेली म्हंजी काम संपलं, आमची लाईन डेड झाली म्हंजी काम सुरू हुतं — डेड झाल्याबिगर आमी हातच लावत न्हाई! बया हसायला लागली. मग सगळं सांगितलं. अगदी त्या लिंबाखाली बसण्यापासनं. मॅडमनी लिहून घेतलं, चूक त्या मुलीची न्हाई, आन् दुसरी तारीख दिली. त्या दिवशी मी सकाळपासनं डीपीला पाठ टेकून बसलो व्हतो, आबा. कावळ्याला बसू दिलं न्हाई तारंवर.

नोकरी तिनं मिळवली, तिच्या अकलेनं. माझं त्यात काय न्हाई. पण तवापासनं महिनाभर माझ्याशी एक शब्द न्हाई, आन् आज सकाळी फोन! मला वाटलं, लाईन गेली. तर म्हणली, "सोमवारी हजर व्हायचंय. त्याच्या आधी वस्तीतल्या अकरा घरात जाऊन तू खरं सांगायचं. मग बघू." 'मग बघू' म्हणली, आबा! 'न्हाई' न्हाई म्हणली! सकाळपासनं फिरतोय. गोकुळनं गचांडी धरली, बापूसाहेबांनी नुसतंच माझ्याकडं बघितलं, ते गचांडीपेक्षा वाईट. मालनबाई म्हणल्या, मेल्या, शेवटचा भाग बुडवलास माझा, आन् वर भाकरी वाढली. दहा घरं झाली. हे तुमचं शेवटचं, कारण पहिलं करायची छातीच झाली न्हाई.

आता तुम्ही म्हणाल, माझ्या भोळ्या लेकीला ह्यानं — न्हाई आबा, भोळी कसली! त्या मुलाखतीच्या आधी मला शिरूरला पंधरा दिवस बदलीवर घातलं व्हतं, तवा हितं लाईन घालवणार कोण? तर हिचा फोन, "लाईन गेलीय." मी सबस्टेशनला इचारलं, ते म्हणले चालू हाय. मी तिला म्हणलं, लाईन तर हाय. तर म्हणती, "तिकडची असंल. माझ्याकडची गेलीय." आता ह्याला काय म्हणा—

हे सांगायचं नव्हतं. हे म्या का सांगितलं? आबा, हे ऐकलं न्हाई असं समजा. ती माझा जीव घेईल. तसलं काय न्हाई, तिचा फोनच खराब झाला असंल — तुम्ही हसताय का? मिशीमुळं कळंना. हसत न्हाई? बरं.

काय? माझी नोकरी? कायम न्हाई, आबा, कंत्राटी हाय. दोन वरसांनी भरती निघाली तर. खोटं बोलायचा आजचा दिवस न्हाई. … आप्पा? हायत की, ठणठणीत हायत, दौंडलाच. … रविवारी? आणतो! आईला बी? आईला बी आणतो! सकाळच्या गाडीनं खुटबाव टेशनला उतरतो — काय? मी बोलायचं न्हाई? आप्पा बोलतील, तुम्ही बोलाल, मी एक शब्द न्हाई. बरं. पण आबा, ती 'मग बघू' म्हणलीय, तिला आधी इचारा— बरं, तिलाच इचारायला चाललाय आत. बरं. मी बसू का जाऊ? … जातो. चपला घातल्या. आबा, ती काय म्हणती तेवढं नुसतं खिडकीतनं सांगा — व्हय. व्हय. गप. गप झालो.