उरलेले दोन प्याले

असा नाही गं, कडेला धर. कडेला. आत बोट घालून उचलायचा नाही, घरचा चहाचा कप नाही तो, प्रभुभोजनाचा प्याला आहे. हां, आता बरोबर. आधी साध्या पाण्यातनं, मग गरम पाण्यातनं, मग या फडक्यावर उपडा — आणि हे फडकं दुसऱ्या कशालाही वापरायचं नाही, हात पुसायलासुद्धा नाही. ओढणी आहे ना, ती घे डोक्यावर. आत्ता कोण बघतंय म्हणतेस? कोणी नाही बघत. शनिवारच्या दुपारी चर्चमध्ये कोण येतंय, तू आणि मी, आणि मागनं लोणावळ्याची गाडी गेली की खिडक्या थरथरतात, बास. तरी घ्यायची. माणसं बघतात म्हणून नाही घेत आपण. मला माझ्या सासूनं शिकवलं हे सगळं — ती नगरकडची, तिकडच्या मिशनच्या देवळात तिनं जन्मभर प्रभुभोजनाचं टेबल मांडलं. चपला बाहेर, डोक्यावर पदर आणि तोंडातनं शब्द नाही. मी आपली बोलते. पूर्वी एवढं नव्हते बोलत. आता बोललं नाही तर फारच शांत होतं.

इकडं ये, गॅसपाशी. या मनुका कालपासनं भिजत घातल्यात, काळ्याच घ्यायच्या. उकळायच्या, गार झाल्या की हातानं कुस्करायच्या, गाळायच्या. झाला द्राक्षारस. चाखायचा मात्र नाही — आंबट आहे का गोड आहे बघायला थेंबभरसुद्धा नाही. जे प्रभूच्या टेबलावर जाणार ते आधी आपल्या तोंडात नाही. मग कळणार कसं? नाही कळत. अंदाजानं करायचं. भाकर उद्या सकाळी, बिनखमिराची, कडा कापून बारीक चौकोनी तुकडे. टेबलावरचं कापड आज धुवून खळ घालायची आणि पहाटे इस्त्री — इस्त्री शांतवन करायचा. सेकंड शिफ्ट करून मध्यरात्री घरी यायचा पोरगा, तरी पहाटे उठून करायचा. स्वतःच्या युनिफॉर्मला कधी लावली नाही इस्त्री, पण या कापडाला लावायचा, आणि वर मला विचारायचा, आई, घडी दिसता कामा नये ना? — असू दे. चाळणी दे ती. अगं, पहिल्या खेपेचा तो चोथा टाकू नकोस! बाजूला ठेव. त्यात साखर घालून खायचे ते — शांतवन आणि तुझा नवरा. याच दारात उभे राहून, एकाच वाटीत, लहान पोरांसारखे.

हो मग, माहितीये मला तू कोण आहेस. शेखरची मोनिका. विसरेन कशी? रहाटणीला तुमच्या लग्नाला मी पुढच्याच बाकावर होते. शांतवन नवऱ्याशेजारी उभा, अंगठी त्याच्याकडं, आणि दर दोन मिनिटांनी खिसा चाचपतोय — मीच त्याला खुणावलं, आहे रे आहे, उभा राहा नीट. आता बघ, पाळकसाहेबांना मी म्हणलं होतं, गुडघे दुखतात, टेबल मांडायला दुसरी कुणी बघा. ते म्हणाले, बघतो, पण मी जिला पाठवीन तिला तुम्ही नाही म्हणायचं नाही, शालनबाई. मी म्हणलं, मी कधी नाही म्हणलंय? आणि आज दार उघडलं तर तू. तिथंच थबकलीस. तुला वाटलं मला राग आला. नाही आला गं. आला असता तर बरं झालं असतं, काहीतरी आलं असं तरी झालं असतं. चपला काढ म्हणलं, आत ये म्हणलं. एवढंच आलं तोंडात.

तुला शेखरनं सांगितलं असेल तेवढंच मलाही माहिती आहे. चाकणला दोघं एकाच मशीनवर. पत्रा अडकला, शांतवन आत वाकला, शेखर बटणापाशी. शांतवननं हात वर केला — आता तो थांब म्हणून केला का चालू कर म्हणून केला, हे कुणाला सांगता येत नाही. ज्यानं केला तो सांगायला नाही. शेखरला वाटलं, चालू कर. चौकशी झाली, साहेब लोक आले, पोलीस आले. मला विचारलं, बाई, तुमची कुणाविरुद्ध तक्रार आहे का? मी म्हणलं, नाही. मंडळीतले सगळे म्हणाले, काय मोठं मन आहे शालनबाईचं. मोठं कसलं गं — तिथं मनच नव्हतं. ते तक्रार आहे का विचारत होते आणि मी त्यांच्या टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर बघत होते, की अरे, परवा महिन्याचा पहिला रविवार, मनुका भिजत घालायच्या राहिल्यात.

आणि घातल्या. माती देऊन आलो, बायका घरात बसलेल्या, मी उठून आत गेले आणि मनुका भिजत घातल्या. दुसरं काय करणार होते? रविवारी येऊन टेबल मांडलं. इस्त्री मीच केली, घडी दिसत होती थोडी. पाळकसाहेब त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाले, पवित्र देवाची सेवा आदरानं आणि भय धरून कशी करावी ते या बाईकडं बघून शिका. बाया हुंदके देऊन रडल्या. पुढं चर्चच्या वाढदिवसाला शाल दिली मला, ती कपाटात आहे, प्लास्टिकसकट. मला वाटत होतं उठावं आणि सांगावं, अहो, मला काही होत नाहीये. हात करतायत ते. मांडी घालून फार वेळ बसल्यावर पाय कसा होतो, आहे पण आपला नाही — तसं आहे सगळं. आमचे हे गेले तेव्हा मी अशी रडले होते की वरच्या मजल्यावरची माणसं खाली आली. आणि पोटच्या पोरासाठी? एक थेंब नाही. प्रार्थनेला डोळे मिटते तर नुसते मिटलेले असतात. गाण्याला तोंड हलतं. गुडघे बरे आहेत माझे, मोनिका. गुडघ्यांना काही झालेलं नाही.

प्याले पुस, थांबू नकोस, ऐकता ऐकता पूस. काय? उरलेल्याचं काय करायचं? हां, ते शिकायलाच पाहिजे. मोरीत ओतायचं नाही, कधीच नाही. प्रार्थना झालेलं असतं ते. मागं पेरूचं झाड आहे ना, त्याच्या मुळाशी मातीला द्यायचं. फार काही उरत नाही, मी माणसं बघूनच भरते, दर महिन्याला दोनच उरतात आणि — दोन म्हणलं का मी? म्हणलं. आता तू बघतेस अशी तर सांगते. एक शेखरचा. तो येतो, दाराजवळच्या मागच्या बाकावर बसतो, आणि प्याले वाटायला म्हणून टेबलावरचं कापड काढलं की उठतो. गाडी चालू केल्याचा आवाज मला पुढं ऐकू येतो. तरी दर खेपेला मी त्याचा भरते. का म्हणजे? मंडळीतला माणूस आहे, उपासनेला आलेला आहे, तर त्याचा प्याला ठेवायलाच पाहिजे. टेबल माझं आहे का? मी कोण ठरवणारी? तेवढं मी मनाशी घट्ट धरलंय, त्याच्या वाटणीला हात लावायचा नाही.

आणि दुसरा माझा. प्याल्यांचं तबक आलं की घेते, रुमालाखाली धरते, मान खाली घालते. सगळ्यांना वाटतं बाई प्रार्थना करतीये. मी घेत नाही गं. शांतवन गेल्यापासनं घेतलाच नाही. पाळकसाहेबांना सांगू नकोस — नाही, सांग, तुला सांगावंसं वाटलं तर सांग. तूच सांग, त्याच्यापुढं खोटं तोंड घेऊन कसं जायचं? तो पवित्र देव आहे. शेजारीण नाही, की आतून काही नसलं तरी हसून या-बसा म्हणावं. म्हणून म्हणलं, वाटेल तेव्हा घेईन. आज वाटेल, पुढच्या महिन्याला वाटेल. नाताळला वाटलं नाही. पुनरुत्थानाच्या सणाला वाटलं नाही. मग सगळे गेले की दोन्ही प्याले घेऊन मागं जाते आणि ओतते, एकाच ठिकाणी, आधी शेखरचा मग माझा. यंदा पेरूला बहर बघितलास का केवढा आला? पोरं भिंतीवर चढून तोडतात. मी काही म्हणत नाही.

काय पुटपुटलीस? मोठ्यानं बोल, गॅसच्या आवाजात ऐकू येत नाही. तुलाही काही वाटत नाही म्हणतेस? घरात तो बोलत नाही, तू बोलत नाहीस, आतून सगळं कोरडं पडलंय, मग असल्या मनानं हे टेबल कसं मांडायचं म्हणून विचारतेस? अगं वेडी का काय तू! वाटायचं काय त्यात? कापड मळलं की धुवायचं. पहिला रविवार आला की मांडायचं. मनाला विचारत बसलीस तर टेबल उघडंच राहील आणि माणसं येऊन परत जातील. मांडा म्हणून सांगितलंय, मांडायचं. त्याचं ऐकायचं म्हणजे दुसरं काय असतं? घ्या म्हणलंय त्यानं, आपण घ्यायचं. वाटलं तर घ्या, असं कुठं म्हणलंय त्यानं —

गॅस बारीक कर जरा.

नाही, काही झालं नाही. उतू जाईल म्हणून म्हणलं. थांब, बसू दे मला. हे मी तुला सांगत होते ना. तुला शिकवत होते. एवढे महिने मांडायच्या वेळेला मनाला एकदाही विचारलं नाही, आणि घ्यायच्या वेळेला मात्र विचारत बसले मी. देवाचा धाक धरते असं मला वाटत होतं. आणि तो तबक पुढं करतोय, नि मी रुमालाखाली लपवतीये.

नाही, आत्तासुद्धा काही वाटत नाहीये. बघ, हात लावून बघ, गार आहे हात. तसंच आहे सगळं.

ऐक. उद्या शेखरला आणशील तेव्हा बस म्हणावं त्याच्या नेहमीच्याच जागेवर, मागं. पुढं ये म्हणू नकोस, बिचकेल. मी टेबल मांडून झालं की मागं येईन आणि त्याच बाकावर दाराच्या अंगाला बसेन. म्हणजे बाहेर पडायचं तर त्याला मला ओलांडून जावं लागेल. जाऊ देणार नाही मी. बोलणार काही नाही, बोलण्यासारखं माझ्याकडं काही नाही. आणि हे बघ, शालनमावशीनं माफ केलं असं त्याला घरी जाऊन सांगू नकोस. झालंय का ते मला माहिती नाही, आणि या टेबलाच्या नावानं खोटं बोलायचं नाही. तबक आलं की मी माझा उचलेन आणि पिईन. त्यानं त्याचा उचलायचा. त्याला काही वाटो न वाटो. एवढं सांग. उद्या झाडाला काही मिळायचं नाही म्हणावं.

आता रडू नकोस, प्याल्यांवर पडेल, परत सगळे धुवावे लागतील. ओढणीनं पूस, त्या फडक्यानं नाही — सांगितलंय ना फडक्याचं. हं. आणि हा डबा घे. चोथा आहे त्यात, अजून कोमट आहे. साखर घातलेली नाही, घरी गेल्यावर तोच घालेल, त्याला अंदाज आहे. झाकण दाबून लाव, पिशवीत सांडेल.

बघत काय उभी राहिलीस? पहाटे ये, इस्त्रीला. जा आता, मला कापड वाळत घालायचंय. अगं जा म्हणलं ना. आणि जाताना ते दार ओढून घे.