वर टाकं असेलच

ॲरिझोनातल्या त्या प्राचीन वस्तीच्या पायथ्याशी, रेंजरच्या काउंटरपुढे नीलांबरी रांगेत होती. मागून मराठी कानावर आलं.

"देवदत्त, बाबांना निघून चार तास झाले. फोनही लागत नाहीये."

"गर्दी नको म्हणून मागच्या ट्रेलने गेलेत. चाळीस वर्षं किल्ले चढलेत गं ते."

"पाणी किती नेलंय?"

"अर्धी बाटली."

"या उन्हात? आणि तू जाऊ दिलंस?"

"म्हटलं ना मी! म्हणाले, प्रत्येक किल्ल्यावर पाण्याचं टाकं असतंच. इथेही एवढी माणसं राहायची, म्हणजे वर पाणी असणारच."

नीलांबरीने मागे वळून पाहिलं. "तुम्ही आधी व्हा," म्हणत ती बाजूला सरली.

"चल, आश्लेषा. त्या पाटीवर काय बघतेस?"

"इथली माणसं गाव सोडून का गेली, ते लिहिलंय."

"का गेली?"

"पाणी आटलं."