दिगूमामांनी धरलेला अंतरपाट

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा आणि मला एवढं सांगा — माणसाचा चेहरा कुणाचा? त्याचा स्वतःचा, म्हणताय? बरं. मग मोबाईलवर आलेलं कुणाचं तरी तोंड बघून आपण चहा सांडेपर्यंत हसतो, लगेच सात घरी पाठवतो, तेव्हा त्याला विचारतो का? पेटीवाले अण्णा, खाली काय बघता, मला तुम्हीच पाठवलं होतंत. आणि पुढे मी!

तर ऐका. लांज्याच्या बाजूला एक गाव. तिथे दिगूमामांची पिठाची गिरण. बहिणीचा नवरा लवकर गेला, तेव्हा तिच्या दोन मुली, वृंदा आणि मुक्ता, मामांनीच वाढवल्या. वेण्यासुद्धा घालायचे हो, पिठाच्या हातांनी. पोरी शाळेत जायच्या त्या निम्म्या पांढऱ्या केसांनी.

थोरल्या वृंदाचं लग्न लागलं. त्या गावची रीत अशी, की अंतरपाटाचं एक टोक भटजींनी धरायचं, दुसरं मामांनी. आता तुम्हाला ठाऊकच आहे, भटजींची मंगलाष्टकं संपली की घरच्यांची सुरू होतात. नवऱ्याच्या आत्याबाई कागद घेऊन उभ्या राहिल्या. स्वतः रचलेली, अकरा कडवी! अकराव्याला मामांचा चेहरा असा झाला — भुवया वर, ओठ आत, डोळे छताला. मुक्ताने फोटो काढला, टाकला, खाली लिहिलं, 'आमचा मामा'. बस. मनात काही वाईट नाही.

मैत्रिणीने त्यावर लिहिलं, 'आत्याचं संपेना'. दुसऱ्या कुणी लिहिलं, 'सासूबाई निघते म्हणाल्या, त्याला दोन तास झाले'. तिसऱ्याने, 'लाईट पाच मिनिटांत येईल म्हणाले होते'. होता होता फोटोतलं लग्न गेलं, मांडव गेला, उरलं नुसतं तोंड. आठवड्यात ते नागपूरला पोचलं. मामा स्वतः कोल्हापूरच्या पुढे कधी गेलेले नाहीत.

गिरणीवर दळण आणणारे म्हणू लागले, "मामा, एकदा तसं करा ना." मामा हसायचे. मग हसायचे थांबले. तोंडाला पंचा बांधून बसायला लागले. म्हणे, पीठ उडतं. तीस वर्षं काय उडत नव्हतं?

वर्षाने मुक्ताचं लग्न ठरलं. मामा म्हणाले, "अंतरपाट शेजारचे बापू धरतील. मी मागे बसतो."

"का रे मामा?"

"सगळे मोबाईल काढतील गं. तुझं लग्न राहील बाजूला."

"माझं चुकलं. पण तू नाही धरलास तर मी पाटावर उभी राहणार नाही. तेव्हा पाट धरून हात दुखत होते, तर सांगायचंस तरी."

"हात? पोती उचलणारा माणूस मी," मामा म्हणाले. "आत्याबाईंनी आणखी अकरा म्हटली असती तरी चाललं असतं. संपलं की तो पडदा निघतो, आणि वृंदा त्यांची होते. तेवढा वेळ धरून होतो."

मुक्ताने हेही लिहून टाकलं, त्याच फोटोखाली. किती जणांनी पुढे पाठवलं? कुणीच नाही. अकरा लाईक. त्यातला एक माझा, तोही उशिरा.

मग पोरीने काय केलं? लग्नादिवशी मांडवाच्या दारात दोन मावश्या बसवल्या, टोपल्या घेऊन. येणाऱ्याला अक्षता द्यायच्या त्या चिमूटभर नाहीत — ओंजळभर. दोन्ही हात भरून, आणि एक दाणा सांडायचा नाही. तीनशे माणसं ओंजळी धरून उभी! खिशात मोबाईल वाजतायत, काढणार कोण?

मामांनी अंतरपाट धरला. पोटभर रडले. वृंदाच्या सासरच्या त्या आत्याबाई याही लग्नाला होत्या. त्यांचं अकरावं कडवं संपलं, तसे मामा नाक ओढत म्हणाले, "आणखी असेल तर म्हणा." त्यांच्याकडे होतं. म्हटलं.

त्या चेहऱ्याचा फोटो नाही, मंडळी. मी बघितलाय. माझी ओंजळ भरलेली होती.

तर आता आरती झाली की प्रसाद वाटायचा आहे. पहिल्या रांगेतल्या निळ्या साडीतल्या वहिनी, माझं तोंड टिपून झालं असेल तर मोबाईल पिशवीत ठेवा. हात पुढे करा. एक नाही, दोन्ही.