जितडा, आजी आणि पहिला नंबर

हॅलो? आजी? तू खरंच माशावर बसलेलीस का?

…अगं, मी नयन! डोंबिवलीहून! …हो, जेवले. मोदक पण खाल्ले, चार. आधी उत्तर दे ना. माझ्या मैत्रिणी, प्राची आणि हेमाली, इथेच बसल्यात पलंगावर, दात काढतायत. म्हणतात, हिंमत असेल तर आजीला फोन लावून विचार. म्हटलं, हा बघा लावला!

…कुठला मासा काय? जितडा! खाडीतला! उडी मारून तुझ्या होडीत आला, तुझ्याएवढा लांब, आणि परत पाण्यात जाऊ नये म्हणून तू किनाऱ्यापर्यंत त्याच्यावर बसून आलीस. तो!

…सांगते, सांगते. पण रागवायचं नाही हां. काल सोसायटीच्या गणपतीत थापा मारायची स्पर्धा होती. मी तुझी जितड्याची गोष्ट सांगितली… आणि पहिली आले! मी, आजी! कधी वर्गात हात वर न करणारी मी! आज सात वाजता स्टेजवर कप मिळणारेय!

…नाही गं, थापाडी कुठे म्हटलं… म्हणजे म्हटलं. थोडंसं. ‘माझी आजी हौसाबाई, कोपरीची एक नंबर थापाडी’, अशी सुरुवात केलेली. लोक जाम हसले! अनिशचा दुसरा नंबर. त्याने काय पुडी सोडली, तर म्हणे काकाने बिबट्याला रिक्षात बसवून विठ्ठलवाडीला सोडलं. परीक्षक म्हणाले, हे नुसतं बंडल. नयनची मात्र अस्सल लोणकढी थाप, ऐकताना खरी वाटत होती.

…आजी? …आहेस ना? …बोल ना गं.

…अगं पण मला काय माहीत! पप्पाच म्हणतात ना, ‘माझी आई नुसती फेकते’ म्हणून. मला वाटलं, तू पण मजेतच सांगतेस…

…शपथ? गणपतीची? …प्राची, गप बस गं दोन मिनिटं! …हां आजी, बोल.

…कुठली खूण? मांडीवरची? ती तर चुलीच्या लाकडाने भाजलेली ना… काय? …काय??

काटा? त्याच्या पाठीवरचा? साडीतून आरपार? …आणि तू तशीच बसून राहिलीस? …रडत? अगं, हे तर कधीच सांगितलं नाहीस! …आजोबांना पण नाही? का?

…हं. परत होडीत पाय ठेवू दिला नसता. …हो, बरोबर. म्हणून भाजलं म्हणून सांगितलंस.

आई शप्पथ! म्हणजे मासा खरा आणि भाजलेलं खोटं! आणि आम्ही सगळे इतकी वर्षं उलटंच धरून बसलोय! हेमाली, ऐकलंस? माझी आजी खरंच बसलेली जितड्यावर! खरंच!

…हसतेस काय, माझी वाट लागलीय! थापांच्या स्पर्धेत मी खरं बोलून आले! चीटिंगच ना ही! …राहू दे कसं? …हो, कुणाला कळणार नाही, ते ठीक आहे. पण अख्खी सोसायटी तुला खोटारडी समजतेय. मी सांगितलं म्हणून. तुला चालेल? …‘चालेल’ असं नाही, नीट सांग. मगाशी गप्प झालेलीस ना?

…हं.

…हं. मला पण नाही चालणार.

ऐक, आता किती वाजले… अडीच. खूप वेळ आहे. तू ती हिरवी साडी नेस. …विचारू नकोस, नेस फक्त! …हो गं, हो, गजरा पण माळ! ठेवते!

आई! पप्पा! इकडे या, दोघं पण! मी आज कप घेणार नाहीये. तो अनिशला देऊ देत. मी स्टेजवर जाणार आणि माईकवर सांगणार, आजीची गोष्ट खरी आहे. …नाही आई, डोकं ठिकाणावर आहे माझं! …हसतील तर हसू देत!

आणि पप्पा, आजीला आणायला कोपरीला तुम्हीच जायचंय. स्कूटरवरून येताना सॉरी म्हणायला भरपूर वेळ मिळेल.